आईचीही पत्रिका हवी

आमच्या देवघरातील फडताळात एक पत्र्याची पेटी आहे. तीत आमच्या थोरल्या चिरंजीवांची जन्मपत्रिका ठेविलेली आहे. जन्मवेळ, घटी, पळे, लग्न, रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी असे सर्व काही तीत जागच्या जागी नोंदलेले असून, १९८७ साली ज्योतिषीबुवांनी लिहून दिलेला तो कागद आजतागायत कसरीला शिवू दिलेला नाही, इतक्या काळजीने आम्ही तो जपला आहे. परंतु ज्या माउलीने त्याच घटकेस देहाचे मोल देऊन त्या बालकास जन्म दिला, तिच्या प्रकृतीची एक ओळही त्या पेटीत नाही. ही उणीव ध्यानात यावयास आम्हांस तब्बल २७ वर्षे लागली, आणि तीही आपण होऊन आली नाही, एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नामुळे आली.

ती हकीगत अशी. २०१४ सालच्या पावसाळ्यात आमच्या सौभाग्यवतींस जिना चढताना धाप लागू लागली. मधूनच मळमळे, पाठीत व जबड्यात दुखे. वय ५१ वर्षांचे. छातीत कळ म्हणावी तशी नव्हती. तेव्हा हे पित्तच असले पाहिजे असे आम्ही ठरविले आणि दोन दिवस आले-लिंबाच्या रसावर काढले. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी आमचे काही न ऐकता त्यांना दवाखान्यात नेले. तपासाअंती हृदयास रक्त पुरविणारी एक वाहिनी अरुंद झाल्याचे आढळले. पुढील उपचार वेळीच झाले आणि ईश्वरकृपेने त्या आज आमच्याहून अधिक पायी चालतात. परंतु त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सहज विचारिले, “काकू, गरोदरपणी तुमचा रक्तदाब वाढला होता का?” आम्ही काही आठवत नसल्याचे सांगू लागलो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “वाढला होता. पाय, तोंड सुजले होते, म्हणून तर तीन आठवडे आधी मोकळी केली.” घरी परतल्यावर आम्ही विचारिले, “हे आम्हांस कधी बोलला नाहीत?” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “पहिले बाळंतपण माहेरी झाले. तुम्हांला तार आली ती मुलगा झाल्याची. माझ्या दाबाची तार कोण करणार?”

वाचकहो, या प्रश्नास आम्हांपाशी त्या वेळी उत्तर नव्हते. आजचा हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

आपल्या प्राचीन वैद्यकाने गर्भिणीस ‘द्विहृदया’ असे अन्वर्थक नाव दिले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या मासी गर्भाचे हृदय व्यक्त होते असे मानून, दोन हृदयांच्या त्या स्त्रीस दौहृदिनी म्हटले आहे. तिच्या इच्छा ते ‘दोहद’. आणि त्याच शब्दापासून आपले घरगुती ‘डोहाळे’ आले. गर्भाचे हृदय त्याहून पुष्कळ आधी, गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच धडधडू लागते, असे आजचे शास्त्र सांगते. कालगणनेतील हा फरक सोडला, तर एका देहात दोन हृदये नांदतात ही कल्पना अक्षरशः खरी आहे. मात्र आपण डोहाळे पुरविताना दुसऱ्या हृदयाचे कौतुक केले, आणि पहिल्याने किती ओझे उचलले याचा हिशेब कधी मांडला नाही.

तो हिशेब थोडक्यात पाहू. निरोगी स्त्रीचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते; म्हणजे अहोरात्रात सुमारे ७,२०० लिटर. गरोदरपणी हे काम ३० ते ५० टक्क्यांनी वाढून मिनिटास ७ लिटरांच्या घरात जाते. म्हणजे दिवसाकाठी १०,००० लिटर. शरीरातील एकूण रक्त जवळजवळ दीडपट होते. नाडी मिनिटास १० ते २० ठोक्यांनी जलद चालते. दिवस भरत आले म्हणजे एकट्या गर्भाशयाकडे मिनिटास अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते. रक्तातील पाणी जितके वाढते तितक्या तांबड्या पेशी वाढत नाहीत, म्हणून रक्त काहीसे पातळ होते. आणि रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून निरोगी गर्भिणीचा रक्तदाब मधल्या महिन्यांत किंचित उतरतो. हे सर्व निसर्गाच्या योजनेतले आहे. निरोगी हृदय हा भार पेलते आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, पूर्ववत् होते.

परंतु जिच्या हृदयात आधीच काही वैगुण्य आहे, तिची गाठ याच काळात पडते. लहानपणी सांधे धरून आलेल्या तापामुळे हृदयाची झडप आखडलेली असते, पण मुलगी हिंडतीफिरती असल्याने कोणास काही कळत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात भार शिगेस पोहोचला म्हणजे तीच मुलगी आडवे पडताच गुदमरू लागते. अंगात रक्त कमी असेल, तर उरलेल्या रक्तानिशी तेवढाच प्राणवायू पोहोचविण्यास हृदयास दुप्पट धावावे लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १०० गर्भवतींपैकी ५२ जणी रक्तक्षयी आढळल्या. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीस माती खाण्याचे डोहाळे लागल्याचे वर्णन आहे. शाळेत तो सर्ग शिकविताना आम्ही त्यातील काव्यच तेवढे समजावून दिले. मातीची वासना हे पुष्कळदा शरीरातील लोह उणे झाल्याचे चिन्ह असते, हे आज आम्ही त्यास जोडून सांगितले असते.

आता पेशींच्या वयाकडे वळू. कारण हृदयाच्या श्रमांचा आणि शरीर झिजण्याचा निकटचा संबंध आहे. मनुष्यास दोन वये असतात. एक पंचांगाचे, जे कोणासाठी थांबत नाही. आणि दुसरे शरीरातील पेशींचे, जे कधी पुढे धावते, कधी मागे रेंगाळते. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि त्यांच्या टोकांस टेलोमिअर नावाचे आवरण असते. उपरण्याच्या दशा जशा पोताचे सूत उसवू देत नाहीत, तसे हे आवरण गुणसूत्रास राखते. आणि पेशी दुभंगताना दर वेळी ते थोडे झिजते. संस्कृतात ‘दशा’ म्हणजे वस्त्राच्या काठाचे सूत आणि ‘दशा’ म्हणजे आयुष्याची अवस्थाही. या एका शब्दात दोन्ही अर्थ नांदावेत हे मोठे मार्मिक वाटते. टेलोमिअरच्या या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक या तिघांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१३ साली कॅलिफोर्नियातील स्टीव्ह होर्व्हाथ यांनी डी.एन.ए.वर बसणाऱ्या सूक्ष्म रासायनिक खुणा मोजून पेशींचे वय अजमावण्याची रीत मांडली.

याच जातीच्या घड्याळांनी गर्भवतींची पारख झाली, तेव्हा दोन गोष्टी पुढे आल्या. फिलिपिन्समधील सेबू येथील तरुण स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ज्या स्त्रियांस गर्भधारणा झाली होती त्यांच्या पेशी त्यांच्या वयाच्या मानाने किंचित अधिक प्रौढ दिसल्या. दर गर्भधारणेमागे सुमारे दोन-तीन महिन्यांनी. बाप झालेल्या तरुणांत तसा फरक आढळला नाही, हे पुरुषवाचकांनी नम्रपणे ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक आशादायक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी असे दाखविले की, गरोदरपणाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत पेशींचे वय एक ते दोन वर्षांइतके पुढे जाते खरे, पण बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ते मागे फिरते. जी माता बाळास अंगावर पाजते तिच्या ठायी हे परतणे अधिक, आणि जिचे वजन आधीच फार होते तिच्या ठायी कमी दिसले. ही घड्याळे अनेकांची सरासरी सांगतात. एखाद्या सुनेचे भविष्य वर्तविण्यासाठी ती नव्हेत. पण त्यांचा बोध घराघराने घ्यावा असा आहे. झीज होते, आणि ती भरूनही येते. मात्र भरून येण्यास अवसर लागतो. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी बाळंतिणीस सव्वा महिना ओसरीपलीकडे जाऊ दिले नाही, त्यात सोवळ्याचा भाग किती आणि शहाणपणाचा किती हा वाद बाजूस ठेवू. विसाव्याची गरज त्यांनी ओळखली होती, एवढे खचित.

आता मुख्य मुद्दा. आम्ही हाडाचे मास्तर असल्याने शाळेचाच दाखला सुचतो. गरोदरपण ही स्त्रीच्या हृदयाची व रक्तवाहिन्यांची सहामाही परीक्षा होय. त्या परीक्षेत काही उणे पडले, तर प्रसूतीनंतर ते नाहीसे झालेसे वाटते. सूज उतरते, दाब खाली येतो, लघवीतील साखर जाते, आणि सारे घर हुश्श करते. वस्तुतः प्रगतिपुस्तकावर तांबडी रेघ पडलेली असते. २० व्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर जाणे आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने उतरणे, यास डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात १०० गर्भवतींपैकी २ ते ८ जणींस हा विकार गाठतो. ज्यांस तो झाला, त्यांस पुढील आयुष्यात हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट, आणि कायमच्या रक्तदाबाचा जवळजवळ चौपट असतो, असे २००७ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित छाननीतून दिसून आले. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीस पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका सात ते दहा पट असतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेने २०११ सालीच, स्त्रीच्या हृदयाची परीक्षा करताना तिच्या गरोदरपणाचा इतिहास विचारावा, असे आपल्या मार्गदर्शनात घातले. आमच्या घरी विचारला गेलेला प्रश्न तोच होता.

दुप्पट धोका म्हणजे ललाटलेख नव्हे. सहामाहीत कमी गुण मिळालेला विद्यार्थी वार्षिकात उत्तम उतरलेला आम्ही शेकडो वेळा पाहिला आहे. बुडाला तो ज्याने प्रगतिपुस्तक दप्तरात दडविले तो. धोका ठाऊक असला, तर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व चरबी तपासता येते, वजन आवरता येते, चालण्याचा नेम धरता येतो, औषध वेळेवर सुरू करता येते. आमच्या घरी ही २७ वर्षे फुकट गेली, याचेच आम्हांस शल्य आहे.

गर्भातील पोषणाचा पुढील आयुष्यावर परिणाम होतो, हे आता नवे राहिलेले नाही. इंग्लंडातील डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी धुंडाळून दाखविले की, जन्मतः वजनाने कमी असलेल्यांत पुढे हृदयविकाराने मृत्यू अधिक. त्या नोंदी सुईणींनी व परिचारिकांनी पुष्कळ वर्षांपूर्वी नेटकेपणाने लिहून ठेविल्या होत्या म्हणूनच हे कळू शकले, हे विसरू नये. आपल्या पुण्यात के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास आरंभिला. पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरली, असे त्यात दिसले. ही कामे थोर आहेत. पण ती वाचून घरोघरी बोध घेतला जातो तो एवढाच की, बाळासाठी आईने चांगले खावे. जणू आई म्हणजे शेत आणि बाळ म्हणजे पीक! पीक घरात आले की शेताकडे कोण पाहतो? आमचे म्हणणे एवढेच की, त्या शेतासही जीव आहे, आणि त्यास पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगावयाचे आहे.

एकत्र कुटुंबात याची काळजी घेणे सोपेही आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी की, चार डोळे सदैव लक्ष ठेवावयास असतात. अवघड अशासाठी की, त्या चार डोळ्यांस अनेक गोष्टी ‘हे असेच असते’ म्हणून सोडून देण्याची सवय असते. संध्याकाळी पायांवर थोडी सूज येणे पुष्कळ गर्भिणींत दिसते, हे खरे. परंतु तोंड व हात एकाएकी सुजणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली कळ येणे, उशी उंच केल्याविना श्वास न येणे, छातीत दुखणे वा घेरी येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दृष्ट काढावयाची असल्यास ती वाटेत गाडीतही काढता येते. ज्यांस हा विकार होण्याचा संभव अधिक आहे अशांस डॉक्टर आरंभीच्या महिन्यांतच अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. पण ते त्यांच्याच सांगण्यावरून घ्यावे, शेजारणीच्या नव्हे.

याहून महत्त्वाची सूचना बाळंतपणानंतरची आहे. प्रसूती झाली की संकट टळले, ही समजूत चुकीची आहे. रक्तदाब बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वाधिक चढतो; आकडीचे झटके प्रसूतीनंतरही, क्वचित काही आठवड्यांनीसुद्धा, येऊ शकतात. हृदयाचा स्नायूच शिथिल होण्याचा एक विकार तर शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचव्या महिन्यापर्यंत केव्हाही डोके वर काढतो. बाळंतिणीस धाप लागली तर ‘अशक्तपणा आहे, आणखी दोन डिंकाचे लाडू खा’ एवढ्यावर थांबू नये. लाडू खुशाल द्यावेत. पण ज्या बाळंतिणीस गरोदरपणी साखर वाढली होती तिच्या लाडवांचे प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावे.

आता पत्रिकेची गोष्ट. आम्ही सुचवितो ती आईची पत्रिका एका कागदावर मावते. गरोदरपूर्व वजन, प्रत्येक भेटीतील रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, साखरेच्या तपासणीचा आकडा, सूज वा लघवीत प्रथिने आढळली किंवा नाही, प्रसूती कितव्या आठवड्यात व का, बाळाचे वजन, आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, म्हणजे सव्वा महिना उलटताच, पुन्हा घेतलेला रक्तदाब. साखर वाढली असल्यास तिचीही त्याच सुमारास पुनर्तपासणी. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डात यांपैकी बहुतेक गोष्टी लिहिलेल्या असतातच; परंतु लसी संपल्या की ते कार्ड रद्दीत जाते. ते जन्मपत्रिकेच्याच पेटीत ठेवावे. त्याची एक प्रत माहेरी व एक सासरी असावी, म्हणजे पहिले बाळंतपण कोठे झाले यावरून माहिती हरवणार नाही. पुढे ती स्त्री कोणत्याही कारणाने डॉक्टरांकडे गेली की हा कागद बरोबर न्यावा, आणि लेकी-सुनांसही तो दाखवावा. कारण आईस जे झाले ते लेकीस होण्याचा संभव काहीसा अधिक असतो.

यावर एक आक्षेप आम्हांस आधीच ऐकू येतो. ‘मास्तर, असा कागद घरात राहिला तर उद्या तो सुनेच्या दोषांची यादी म्हणून वाचला जाईल.’ आक्षेप पोकळ नाही. पत्रिकेतील मंगळ दाखवून मुलींची लग्ने मोडणारा आपला समाज आहे. म्हणून स्पष्ट सांगतो की, हा कागद त्या स्त्रीचा आहे. तो कोणी पाहावा हे तिने ठरवावे, आणि ज्या घरात त्यावरून टोमणा मारला जाईल त्या घरास तो पाहण्याचा अधिकार नाही. युद्धावरून परतलेल्या शिपायाच्या अंगावरील व्रण मोजताना कोणी त्यास दूषण देत नाही.

आपल्याकडे पाचव्या-सहाव्या रात्री सटवीची पूजा मांडतात. बाळाचे भाग्य लिहावयास ती येते म्हणून तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आहे. बाळंतिणीचा रक्तदाब सर्वांत चढण्याचे दिवसही नेमके हेच. गेल्या वर्षी आमच्या नातीच्या वेळी ही पूजा मांडली, तेव्हा सौभाग्यवतींनी सुनेस जवळ बसवून, दाब मोजण्याचे यंत्र तिच्या दंडास गुंडाळले आणि आलेला आकडा त्याच कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला. वर तारीख घातली. दुसऱ्या दिवशी तो कागद आम्ही त्या पत्र्याच्या पेटीत ठेविला, चिरंजीवांच्या जन्मपत्रिकेशेजारी.

सटवीने काय लिहिले ते आम्हांस वाचता येत नाही. हे मात्र येते, आणि वेळीच वाचले तर त्यावर इलाजही करता येतो. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.